आवाज क्रमांक अकरा आणि सदतीस

९ जानेवारी

प्रिय खुडबुड्या,

आमच्या वार्तापत्राच्या या महिन्याच्या अंकात तुझ्याजोग्या नोकरीच्या दोन जागा आहेत. पान पाचचा कोपरा दुमडून ठेवलाय. पहिली भूकंप मोजणाऱ्या केंद्रातली. जमिनीच्या थरथरीतून रस्त्यावरच्या ट्रकांची थरथर वेगळी काढायची आणि उरेल ती पृथ्वीची म्हणायची. दुसरी श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीतली. त्यांना गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढणारा माणूस हवाय. ही तर तुझं माप घेऊन शिवल्यासारखी आहे. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत.

अंक तुला मिळतो हे मला ठाऊक आहे, कारण तो परत येत नाही. घर सोडल्यापासून तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहेस, तेव्हा तेवढ्यावरच समाधान मानते.

समोरच्या बाईंनी परवा विचारलं, "तुमचं ते संकेतप्रक्रिया मंडळ करतं तरी काय हो?" मी म्हटलं, आवाज असो, चित्र असो, हृदयाचे ठोके असोत, पसाऱ्यातून कामाचं तेवढं वेगळं काढायचं. त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "घरी काही उपयोग होत नाही वाटतं त्याचा." आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आई बरी आहे. घसा थोडा बसलाय, एवढंच. एरवी ती पत्राखाली दोन ओळी लिहिते, या वेळी हात दुखतोय म्हणाली.

बाकी बातम्या अंकात आहेतच. तुझ्या प्रयोगशाळेच्या सरांना यंदाचं मानपदक मिळालं. भाषणात त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पण पडद्यावर एक आकृती दाखवली ती तुझी होती.

तुझी
ताई

१२ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

श्रवणयंत्रवाल्यांची जागा भरली. तू अर्ज केला नव्हतास. केला असतास तर मला कळलं असतं, कारण जाहिरात देणारे लोक जागा भरली की मला कळवतात आणि वर गाऱ्हाणंही गातात, की हल्ली चांगले अर्जच येत नाहीत. म्हणजे तू तिकडे कारखान्यात बेअरिंगची कुरकुर ऐकतच बसणार. यंत्रांची कुरकुर ऐकून घ्यायचा पगार घेतोस आणि घरच्यांची ऐकायची म्हटली की कानावर हात.

बरं, आता बोलूनच टाकते. त्या वर्षीच्या अंकाचं पान दोन, खालचा डावा कोपरा. "पुढील निबंध लेखकांनी मागे घेतला आहे," असं सुरू होणाऱ्या दोन ओळी.

तुझ्या मते ताईनं ते छापायला नको होतं. निदान तू जरा सावरल्यावर, पुढच्या एखाद्या अंकात, बारीक टायपात छापायचं. पण त्याआधी तुझ्या पारितोषिकाची बातमी तुझ्या फोटोसकट पहिल्या पानावर मीच छापली होती, विसरलास का? टायही मीच बांधून दिला होता. चांगलं तेवढं छापायचं आणि वाईट पोटात घालायचं, तर मग ते वार्तापत्र कसलं. आजही वेळ आली तर छापेन. तेव्हा रडत छापलं होतं, पण ते मुद्रितांत दिसत नाही.

आणि लबाडी कुणीच म्हटलं नव्हतं. तुमच्या प्रयोगशाळेची पद्धतच तशी होती. ध्वनिमुद्रणाला येणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं नाही, दर बैठकीला नवा क्रमांक द्यायचा. आई पहिल्यांदा आली तेव्हा ती आवाज क्रमांक अकरा झाली. शेवटच्या दिवशी ठरलेला माणूस आलाच नाही, म्हणून तू आईला पुन्हा बोलावलंस. ती सर्दीनं लाल झालेलं नाक घेऊन आली आणि आवाज क्रमांक सदतीस झाली. मग कॉम्प्युटरनं क्रमांकांची वाटणी केली. गोंगाटातून बोलणं उचलणाऱ्या तुझ्या प्रोग्रॅमच्या शिकवणीत अकरा गेला, सदतीस त्याच्या परीक्षेत. परीक्षेला त्यानं कधी न ऐकलेले आवाज हवे होते आणि त्यात घरचाच एक निघाला. परीक्षेतले आवाज मुळात मोजके, त्यामुळे गुण फुगले. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं ते पकडलं आणि सरांना कळवलं. झालं ते एवढंच. मान खाली घालून पुन्हा प्रयोग केला असतास तर वर्षभरात मी त्याची बातमी छापली असती, आणि कोपऱ्यात नसती छापली. तू बॅग भरलीस.

आईचा घसा अजून बसलेलाच आहे. काळजीचं काही नाही.

ताई

२१ मार्च

प्रिय खुडबुड्या,

काळजीचं आहे.

दोन पत्रांत मी तुला खोटं लिहिलं, कारण आईनं मला तिची शपथ घातली होती. "त्याला यायचं तर आपणहून येईल, माझं दुखणं दाखवून बोलावू नकोस." तेव्हा हे ती बोलू शकत होती. आता तिचं बोलणं मला अर्धं कळतं आणि वाचाउपचार करणाऱ्या बाईंना पाव. डॉक्टर म्हणतात मज्जातंतूंचा आजार आहे. जीभ, ओठ, घसा एकेक करून ऐकेनासे होतात, मग हात, मग श्वास. औषध आहे ते नुसतं वेळ काढायचं. ज्या बाईचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा, ती आता पाणी मागायला टाळी वाजवते.

शपथ मी मोडली आहे. तिला सांगितलेलं नाही.

आता कामाचं. या अंकात पान तीनवर एक निवेदन आहे. एका गटानं आवाजपेढी काढली आहे. ज्यांची वाचा जाणार त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून ते त्यांचाच आवाज पुन्हा घडवून देतात. आपण लिहायचं, कळ दाबायची, आणि यंत्र त्या माणसाच्या आवाजात बोलतं. निवेदन मीच शुद्धलेखन तपासून लावलं आणि लावता लावता माझे हात थांबले. मांडणीवाला म्हणाला, "काय झालं मॅडम, चूक सापडली का?" मी म्हटलं, नाही, घरी जाऊ का थोडा वेळ.

त्यांना स्वच्छ मुद्रण लागतं आणि काय वाचलं त्याचा मजकूर लागतो. मी घरातल्या सगळ्या चित्रफिती धुंडाळल्या. प्रत्येकीत आईमागे पंखा आहे, भांडी आहेत, नाहीतर तू आहेस. तुझी बडबड तेव्हा बंद व्हायची नाही.

स्वच्छ मुद्रण एकच आहे, तुझं. बंद खोलीतलं, चांगल्या मायक्रोफोनवरचं. प्रयोगशाळेत ते आता नाही. निबंध मागे घेतल्यावर संग्रह पुसून टाकायचा नियम आहे, आणि सरांनी तो स्वतः पुसला. मी त्यांना जाऊन विचारलं. म्हणाले, "त्याच्याकडे प्रत असेल. तो काही टाकून देणाऱ्यातला नव्हता."

असेल तर पाठव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसती डिस्क पाठव.

ताई

४ एप्रिल

खुडबुड्या,

परवा तू फोन केलास. मी घरी नव्हते आणि तो आईनं उचलला. पुढचं तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. तू "आई" म्हणालास, ती काही बोलली नाही, तू पुन्हा "आई" म्हणालास, आणि मग ठेवून दिलास. ती रागावली आहे असं तुला वाटलं असणार. वाटू नये म्हणून घाईनं लिहिते आहे.

तिच्याकडे एक टॅबलेट आहे. त्यावर लिहिलं की तो बोलतो, पण कंपनीनं भरलेल्या आवाजात. आई तिला "ती बाई" म्हणते. ती बाई बातम्या दिल्यासारखी बोलते. चहा मागितला तरी असं वाटतं की पाठोपाठ हवामानाचा अंदाज येणार. पाणी, औषध, उशी, एवढं आई तिच्याकडून वदवून घेते. पण तुझा फोन आला तेव्हा टॅबलेट मांडीवर होता आणि तिनं कळ दाबली नाही. मी आल्यावर आवाज बंद करून तिनं मला लिहून दाखवलं: "हे त्या बाईच्या तोंडून नको."

मी विचारलं, काय नको? मग तिनं लिहायला घेतलं. बोट थकलं म्हणून उरलेलं तिनं अक्षरं दाखवली तसं मी लिहिलं, आणि तुला तिच्या आवाजात ऐकवायचं म्हणून ते टॅबलेटवरच्या पहिल्या कळीत साठवून ठेवलं. गुपित काही नाही त्यात, वाच:

"एवढी सर्दी होती की शेजारणीनं मला फोनवर ओळखलं नाही. तुझ्या यंत्रानं ओळखलं. त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? घरी ये."

मी तिला समजावलं की आई, तीच तर चूक होती, त्यानं ओळखायला नको होतं, त्याची परीक्षा अनोळखी आवाजांची होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू ती पुन्हा शाळेत आहे आणि मी पाढा चुकले आहे. मग एका बोटानं लिहिलं, "असू दे. ओळखलं ना?"

तिला तुझ्या निबंधाबद्दल एवढंच कळलं आहे रे. आणि एवढी वर्षं ती तेच मनात धरून बसली आहे.

डिस्क पाठव. तिला हे स्वतः म्हणायचं आहे.

ताई

११ मे

प्रिय खुडबुड्या,

पोचली. आत चिठ्ठी नव्हती. अपेक्षाही नव्हती, तरी मी पाकीट उलटं करून झटकलं.

डिस्क ऑफिसात उघडली. प्रयोगशाळेत अकरा आणि सदतीस असे दोन फोल्डर होते, ते मला नीट आठवतं. तू त्यांचा एक केला आहेस आणि त्याला नाव दिलं आहेस "आई". मी खुर्चीत मागे टेकून बसले. मांडणीवाला चहा ठेवून गेला. तुझं उत्तर मला मिळालं असं मी धरते. चुकत असेन तर तसं कळव.

घरी आणून तिला ऐकवलं. तुझी ती वाचायला दिलेली वाक्यं कसली अगम्य होती रे. "पिवळ्या छत्रीखाली सात कासवं झोपली." आई ते शुद्धलेखन घातल्यासारखं वाचते आहे, प्रत्येक शब्द सुटा, पुढच्याला वेळ देत. मागून तू वैतागून म्हणतोस, "आई, वर्ग नाहीये हा." आणि ती म्हणते, "पण कासवं छत्रीखाली कशाला जातील?" हे तू कापलं नव्हतंस. बाकी सगळ्यांची वाक्यं पुढून मागून कापून नीटनेटकी ठेवायचास, आणि हिचं अघळपघळ तसंच राहू दिलंस.

आई हसली. आता तिच्या हसण्याला आवाज येत नाही, खांदे हलतात फक्त. मग रडली, आणि मीही रडले. बऱ्याच दिवसांनी दोघी एकाच गोष्टीसाठी रडलो, तेव्हा बरं वाटलं.

आवाजपेढीवाल्यांशी बोलले. एक बैठक त्यांना पुरली नसती, दोन्ही मिळून पुरतात. ऐकतो आहेस ना? त्या दिवशी तो ठरलेला माणूस आला असता तर तुझा निबंध टिकला असता आणि आईचा आवाज बनला नसता. मी यातून काही सांगू पाहत नाही. मला फक्त हे तुला सांगायचं होतं.

त्यांची एक अडचण आहे. दुसऱ्या बैठकीत आवाज नाकातून येतो, तयार आवाजात सर्दीची छटा उतरेल. म्हणाले, ती वाक्यं वगळून कसंबसं जमवू. आईनं टॅबलेट ओढून घेतला आणि लिहिलं, "दोन्ही घ्या." त्या बाईच्या आवाजात कळ दाबून फोनवर ऐकवलंही. तिकडचा मुलगा लगेच हो म्हणाला.

काही आठवडे लागतील म्हणतात. त्यांच्याकडे रांग आहे.

या अंकात तुझ्याजोगी जागा एकही नाही, आणि असती तरी लिहिली नसती. रजा मिळेल का तेवढं बघ.

ताई

१७ जून

खुडबुड्या,

आवाज अजून आलेला नाही. मी रोज विचारते आणि ते रोज गोड बोलतात.

आईचं बोट आता कळ दाबत नाही. डोळ्यांनी हो-नाही चालतं. काल मी विचारलं, खुडबुड्याला फोन लावू? ती बाई वाचेल पहिली कळ, निदान त्याला कळेल तरी. तिनं डोळे मिटून घेतले. तिचं ठरलं आहे ते ठरलं आहे. तुझा हट्ट कुठून आला हे मला कधी शोधावं लागलं नाही.

श्वासाचं यंत्र आता दिवसाही लागतं. तू आलास तर तुझ्या कारखान्यासारखं वाटेल इथे.

ये रे. ओरडणार नाही, काही विचारणार नाही. नुसता येऊन बस.

ताई

२४ जुलै

प्रिय खुडबुड्या,

त्या सकाळी आई गेल्याचं मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू काही बोलला नाहीस. आई बोलली नव्हती तेव्हा तू फोन ठेवला होतास. मी ठेवला नाही. तुझ्यामागे यंत्रं चालू होती, त्यांच्यातून तुझा श्वास वेगळा काढत मी बसले होते. इतकी वर्षं मंडळाचं वार्तापत्र काढते आहे, तेवढं मला येतं. मग कुणीतरी तुला हाक मारली आणि फोन कट झाला.

तू आला नाहीस. सगळ्यांनी विचारलं, मी म्हटलं, लांब असतो, जमलं नाही. सर आले होते. शेवटपर्यंत मागे उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "मी त्याला तेव्हा थांबवायला हवं होतं." मी म्हटलं, सर, तो थांबणाऱ्यातला नव्हता. त्यावर ते माझा हात धरून उभे राहिले.

मला तुझा राग आला आहे. असं वाटतं की तू समोर असतास तर एक ठेवून दिली असती. आणि लगेच वाटतं, हा तिकडे एकटा जेवतो तरी का वेळेवर. दोन्ही एकदम वाटतं आणि दिवसभर वाटत राहतं.

आई गेल्यानंतरच्या आठवड्यात आवाज आला. उशीर झाला म्हणून त्या मुलानं माफी मागितली. त्याला माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर तो रडायला लागला, मलाच त्याची समजूत काढावी लागली. नमुना म्हणून त्यानं कासवांचं वाक्य पाठवलं होतं, तेवढं मी ऐकलं. आईच आहे. तेच शब्द सुटे करणं, पुढच्याला वेळ देणं. आणि सर्दी आहे, किंचित. मी उठून खिडकी लावली, तिला वारा लागेल म्हणून. मग लक्षात आलं.

टॅबलेट माझ्याकडे आहे. ती बाई गेली, आता त्यात आई आहे. काहीही लिहिलं की ती ते म्हणेल. "मी रागावले नाही" असं लिहून, तिच्या आवाजात भरून तुला पाठवता आलं असतं, आणि तू पहिल्या गाडीनं आला असतास. मोह झाला, खोटं कशाला सांगू. बोटं ठेवली आणि उचलली. तिनं न म्हटलेलं मी तिच्या तोंडी घालणार नाही. म्हटलेलं आहेच, पहिल्या कळीत. ते मी अजून तिच्या आवाजात ऐकलेलं नाही. तुझ्याआधी ऐकणार नाही.

आता अंकाचं. आपलं मंडळ फक्त सभासदांच्या निधनाच्या बातम्या छापतं आणि आई कसलीच सभासद नव्हती. मी समितीपुढे अर्ज ठेवला. एकानं विचारलं की या बाईंचा आपल्या क्षेत्राशी संबंध काय. सरांनी सांगितलं. मग अर्ज मंजूर झाला. नाव द्यायचं नाही, पद्धत तीच ठेवली आहे. जागा पान दोन, खालचा डावा कोपरा. टायपही तोच. मुद्रित सोबत जोडते आहे:

"मागे घेण्यात आलेल्या ध्वनिसंग्रहातील आवाज क्रमांक अकरा आणि आवाज क्रमांक सदतीस यांचे नुकतेच निधन झाले. हे दोन्ही आवाज एकाच बाईंचे होते. संशोधकाच्या त्या आई होत."

नीट वाच. काही चुकलं असेल तर गुरुवारपर्यंत कळव, शुक्रवारी अंक छापायला जातो. दुरुस्ती पत्रानं कळवलीस तरी चालेल. कळ दाबायला मात्र तुला यावं लागेल.

तुझी
ताई